करंगळीनं फिरणारं हँडल

मला वाट बघता येत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला गुणाची बाई समजायला नको. एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला. एखादं पोर फळ्यासमोर उभं राहून उत्तर आठवायला लागलं की दुसऱ्या क्षणाला मीच ते सांगून मोकळी व्हायची. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे तर दिवसातून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. वर्गात ते चालायचं. घरी नाही चालायचं, कारण घरात बोलण्याचा मक्ता आमच्या यांच्याकडे.

हे म्हणजे माझा नवरा. अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पण कॉलनीत यांची ओळख माइकवाले काका अशीच. गणपतीचे कार्यक्रम असोत नाहीतर कुणाची साठी, सूत्रसंचालन यांचंच. कोथिंबीर आणायला पाठवलं तर तासाभरानं यायचे, आणि कोथिंबीर विसरूनच. मी चिडायची. तुमच्या तोंडाला कुलूप कसं नाही हो लागत, असंही म्हटलंय मी एकदा. आता ते आठवलं की जीभ चावते.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि आठच दिवसांत यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. शब्द ओठापर्यंत यायचा, आणि तिथंच अडायचा. अडला की हे माझ्याकडे बघायचे, आणि मी लगेच, पाणी हवंय का, पंखा लावू का, कूस बदलायचीय का, असं सगळं एका दमात विचारून टाकायची. कधी बरोबर निघायचं. नाही निघालं तर हे डोळे मिटून घ्यायचे.

स्पीच थेरपिस्ट मुलगी रोज सकाळी अकरा वाजता मोबाइलवर व्हिडिओ कॉल करायची. ती चित्र दाखवायची, शब्दाची सुरुवात स्वतः करून द्यायची आणि पुढचं हे जुळवायचे. चहा, कप, पाणी, चावी. दीड महिन्यात पंधरावीस शब्द जमले, पण सगळे तिनं बोट धरून काढलेले. आपणहून एक शब्द नाही. ती मला बजावायची, काकू, हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे, सराव तुटू देऊ नका, एकदा त्यांनी प्रयत्न सोडला की पुन्हा बोलतं करणं अवघड जाईल. मी तो कॉल एक दिवस चुकवला नाही. इथवर माझं काही चुकलं नव्हतं.

आता खिडकीचं सांगते. आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याच्या बाजूला, सहाव्या मजल्यावर, हायवेला तोंड करून. कांद्याचे ट्रक, एसट्या, निफाडकडून द्राक्षं भरून आलेल्या गाड्या, आणि या सगळ्यांच्या मध्ये घुसून हॉर्न वाजवणारे मोटारसायकलवाले. म्हणून सहासात वर्षांपूर्वी आम्ही पुढच्या खोलीला दोन काचांची खिडकी करून घेतली. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा, भोवती रबर. पल्ला ओढून हँडल फिरवलं की रस्ता कुणी उचलून पार घोटीच्या पलीकडे नेऊन ठेवल्यासारखा वाटायचा. यांचा पलंग याच खोलीत, खिडकीला लागून ठेवला होता. सराव तिथंच चालायचा.

मग पाडवा आला. आमच्या पुढच्या खोलीला बाल्कनी नाही, त्यामुळे गुढी त्या खिडकीतूनच बाहेर निघते. दरवर्षी ते काम यांचं. काठीचं खालचं टोक खोलीत, फरशीवर. काठी दिवाणाच्या पायाला सुतळीनं करकचून बांधायची, वरचं टोक खिडकीतून तिरपं बाहेर काढायचं, आणि पल्ल्याला कुठंही टेकू द्यायची नाही. मला वाटायचं, काय हा नखरा. गेल्या वर्षी दिवाण हलवून तिथं चाकांचा पलंग आलेला. त्याच्या पायाला काही बांधलं तर पलंगच चालायला लागतो. मी आपली शहाणी. काठी बिजागरीच्या बाजूच्या फटीत घातली, पल्ला जोर लावून तिच्यावर ओढला आणि हँडलला नायलॉनची दोरी बांधून टाकली. हे पलंगावरून डावा हात हलवत होते, तोंडातून नुसते आवाज काढत होते. मी म्हटलं, कळतंय हो मला, जरा गप्प राहा.

दुपारभर चैत्राचा वारा होता. संध्याकाळी गुढी उतरवताना खिडकीत कट् करून काहीतरी वाजलं. त्यानंतर पल्ला एका कोपऱ्यानं खाली लोंबला आणि काही केल्या चौकटीत बसेना.

मी काय काय केलं म्हणता? बिजागरीत खोबरेल ओतलं. फटीत टॉवेल कोंबला. हँडल फिरेना म्हणून स्वयंपाकघरातली सांडशी आणून फिरवलं, तर हँडलचा दांडा तुटून सांडशीतच राहिला. शेवटी पल्ला दोरीनं ओढून खिळ्याला बांधून ठेवला. बोटभर फट उरली, आणि त्या बोटभर फटीतून अख्खा हायवे घरात आला. लोक विचारायचे, काय झालं हो खिडकीला? मी ठोकून द्यायची, बसवणाऱ्यानं भंगार माल लावला होता मेल्यानं. तो बसवणारा तर केव्हाच दुकान बंद करून गेलेला, त्यामुळे त्याच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. चूक माझी आहे हे मला ठाऊक होतं. यांनाही ठाऊक होतं, पण यांना सांगता येत नव्हतं. सोय झाली म्हणायची माझी.

कॉलवर ती मुलगी म्हणायला लागली, काका, ऐकू नाही आलं, पुन्हा म्हणा. हे पुन्हा म्हणायचे. नेमका तेव्हाच खालून ट्रकचा हॉर्न. पुन्हा म्हणा काका. तीनदा, चारदा. आधीच एकेक शब्द डोंगर चढून आणल्यासारखा, आणि तो रस्त्यानं खाऊन टाकायचा. यांना स्वतःलाही स्वतःचं ऐकू येत नव्हतं. मागच्या खोलीत नेलं तर शेजारच्या प्लॉटवर बांधकामाचं ड्रिल. कानाला हेडफोन लावले तर हे ओढून काढायचे. एक दिवस अकराला मोबाइल वाजला, यांनी डाव्या हातानं तो उचलला आणि पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी रागावले, गोड बोलले, रडले. तोंड भिंतीकडे ते भिंतीकडेच. पाडव्यानंतर महिना होत आला होता आणि घरात नवऱ्याचा एक शब्द नव्हता. मला फार भीती वाटायला लागली. रस्त्याचा एवढा गोंगाट, आणि तरी घर मुकं.

खिडक्यांचं काम करणाऱ्या एकानं येऊन पाहिलं आणि अख्खी खिडकीच बदला म्हणाला, चौकट फोडायची, दोनतीन आठवडे थांबायचं. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एका कारागिराचा नंबर दिला. हा नवीन खिडक्या विकत नाही, असल्या खिडक्यादारांची कुलपं, हँडलं, बिजागऱ्या दुरुस्त करतो, एवढंच त्याचं काम, म्हणाल्या. फोन केला. काय मोडलंय ते त्यानं विचारलं, ते ठीक. मग विचारलं, ती खिडकी रोज उघडतं कोण? मी म्हटलं, मीच, दुसरं कोण? तर म्हणाला, उघडणारं माणूस घरात असंल तेव्हाच मी येतो. मला वाटलं, हा काय विक्षिप्त माणूस.

आला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला. चाळिशीचा, बारीक, काळसर, पाठीवर कॅनव्हासची पिशवी. सुरगाण्याकडचा. नागली-भात झाला की घरचे सगळे निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरायचे, तिथून तो एका खिडक्यांच्या कारखान्यात काचा उचलायला लागला, आणि काचा उचलता उचलता हे सगळं शिकला. एवढं मी चहा देईपर्यंत त्याच्याकडून काढून घेतलं. खिडकीला त्यानं अजून हातही लावला नव्हता. तो खोलीतला पलंग बघत होता.

मग यांच्याकडे वळून त्यानं विचारलं, “काका, खिडकीजवळ तुम्ही असता. उघडबंद तुम्ही करता का?”

मी लगेच मध्ये. अहो भाऊ, त्यांना बोलता येत नाही, पक्षाघात झालाय, मीच करते सगळं. त्यानं माझं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुन्हा यांच्याकडेच बघत राहिला. प्रश्न त्यानं यांना विचारला होता, तर उत्तर त्याला यांच्याकडूनच हवं होतं. मी आजवर डॉक्टर पाहिले, नातेवाईक पाहिले, शेजारी पाहिले. सगळे यांच्याबद्दलचं मला विचारायचे, यांच्या डोक्यावरून. हा पहिला माणूस उभा राहिला. घाई नाही, चेहऱ्यावर कीव नाही. बसची वाट बघत माणूस उभं राहतं ना, तसा अगदी साधा. बऱ्याच वेळानं यांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि डावा हात खिडकीकडे उचलला.

“दाखवा,” तो म्हणाला, “हात कुठवर जातो ते.”

हात अर्ध्यात अडला. मी कोपराला आधार द्यायला पुढे झाले, तर त्यानं नुसता तळहात आडवा धरला. राहू द्या काकू, मला हात बघायचाय, म्हणाला. हात तुटक्या हँडलच्या वीतभर खाली जाऊन थांबला. त्यानं पिशवीतून पेन्सिल काढली आणि यांची बोटं जिथं पोचली होती तिथं चौकटीवर बारीक खूण केली. मग म्हणाला, लांब दांड्याचं हँडल लागंल, म्हणजे खाली इथपर्यंत येईल. आणि फिरवायला जोर नाय लागला पाहिजे. करंगळीनं फिरलं पाहिजे.

पुढं दीड तास त्यानं जे केलं ते मी खुर्ची ओढून बघत बसले. झोपलेलं मूल उचलावं तसा त्यानं पल्ला दोन्ही हातांत उतरवला. वाकलेली बिजागरी काढून मला दाखवली. मी ओतलेलं खोबरेल धुळीत घट्ट बसून काळा चिकटा झाला होता. त्यानं तो दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडून काढला, आणि त्यावरून एक शब्द बोलला नाही. मी असते तर तासभर बोलले असते. नव्या बिजागऱ्या बसवल्या. मग काचेच्या कडेच्या पट्ट्या काढून त्यानं पटाशीनं काच केसभर उचलली आणि खाली एका कोपऱ्यात व वर समोरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचे पातळ तुकडे सरकवले. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, पल्ला लोंबू नये म्हणून. काच जड असती, लोक म्हणतात तिच्या वजनानंच पल्ला खाली येतो. पण काच कोपऱ्यांत नीट टेकवली तर तीच पल्ल्याला उचलून धरती. एवढी वर्षं रोज मी ती काच पुसत होते, आणि ती काय काय करू शकते याचा मला पत्ता नव्हता.

आतलं लॉकही माझ्या सांडशीनं गेलं होतं. ते बदललं, लांब दांड्याचं हँडल लावलं. मग त्याची परीक्षा सुरू झाली. करंगळी दांड्यावर ठेवून फिरवायचं. अडलं. स्क्रू अर्धा फेरा सैल. पुन्हा करंगळी. जरा अडलं. पाव फेरा. अहो, किती वेळा! मला तर दुसऱ्या वेळेलाच ते उत्तम वाटत होतं, आणि तसं मी बोललेही. तो म्हणाला, तुमच्या हाताला चांगलं हाय काकू. काम तुमच्या हाताचं नाय. पूर्वी एका घरी त्यानं दार फस्क्लास करून दिलं होतं, स्वतःच्या हातानं तपासून. नंतर कळलं, घरातल्या म्हातारीला ते उघडताच येत नव्हतं, दिवसभर ती आत बसून असायची, मुलगा कामावरून येईपर्यंत. तेव्हापासून तो आधी माणूस बघतो आणि मग खिडकी. माझ्या मनात आलं, हा माणूस शाळेत असायला हवा होता, आणि मी घरी.

शेवटी तो बाजूला झाला. मी सवयीनं उठले हँडल फिरवून बघायला, तर पुन्हा तो तळहात आडवा. काकांना करू द्या.

यांनी हात उचलला. पल्ला ओढला, तो आला. हँडलवरून बोटं एकदा घसरली. मी ओठ आतून चावून बसले होते. दुसऱ्यांदाही घसरली. खिडकीवाला पिशवीतली हत्यारं लावत होता, म्हणजे बघतोय असं वाटूही नये म्हणून. तिसऱ्यांदा दांडा तळहाताखाली आला, हळूहळू फिरला, आणि आत कुठंतरी मऊ आवाज होऊन खिडकी बंद झाली.

रस्ता गेला. महिन्यानंतर प्रथमच मला आमच्याच फ्रिजची घरघर ऐकू आली. हे छताकडे बघत होते आणि श्वास घेत होते. तो श्वाससुद्धा ऐकू येत होता.

त्या शांततेत खिडकीवाल्यानं जुनी बिजागरी हातात घेतली. चौकटीवर बिजागरीच्या बाजूला एक गोलसर घासलेली खूण होती, तिच्यावरून बोट फिरवलं. तो म्हणाला, इथं काहीतरी गोल, जाड, दाबून बसवलं होतं. वाकलं त्यानंच. पुन्हा होऊ नये म्हणून विचारतो, काय होतं?

मी काय सांगितलं असेल? वयाची चौसष्ट वर्षं झालेली, एकतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, काय माहीत बाई, बसवणाऱ्यानंच काहीतरी करून ठेवलं असेल, भंगार माल होता.

 तो बिजागरी हातात धरून तसाच उभा राहिला, आणि पलंगाकडून आवाज आला.

“गुढी.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खिडकी बंद होती, चुकीचं ऐकायला जागाच नव्हती. यांचं डावं बोट हवेत होतं. त्या मुलीनं सुरुवात करून दिली नव्हती, मी तर तोंडही उघडलं नव्हतं. शब्द यांचा स्वतःचा होता. संक्रांतीपासूनचा पहिला.

खिडकीवाल्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. गुढीची काठी होय, म्हणजे बरोबर, म्हणत त्यानं अगदी सहज पुढचं विचारलं, कोणी बसवली काका? आणि पुन्हा आपला उभा. बराच वेळ गेला. यांचं ते हवेतलं बोट हळूहळू माझ्याकडे वळलं.

“हिनं.”

म्हणजे बघा. तीन महिने मी या माणसाला भरवलं, पुसलं, देवाला हात जोडले की एक शब्द आपणहून बोलू दे. आणि बोलले ते माझी चहाडी करायला. मला इतका राग आला, इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले. तिथं ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर तो यांना विचारत होता, काठी बांबूची का काका, आणि मध्ये लांब, निवांत थांबत होता. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले. बाहेर येऊन मी कबूल केलं, हो भाऊ, मीच घातली, यांनी नको म्हणून हात केला होता तरी घातली. तो म्हणाला, होतं काकू, लय घरांत होतं, पाडव्यानंतर मला हेच काम असतं. पुढच्या वर्षी काठी पल्ल्यापासून लांब ठेवा, एवढंच.

अकराला मोबाइल वाजला. यांनी तो उचलला, आणि या वेळी सरळ धरला.

त्याला आता वर्ष झालं. बोलणं पहिल्यासारखं नाही, माइक पुन्हा हातात येईल असं वाटत नाही. पण दोनतीन शब्द जोडून येतात, आणि त्यातले निम्मे माझ्या चुका काढणारे असतात. खिडकी रोज सकाळी हेच उघडतात आणि अकराला हेच बंद करतात. मी त्या हँडलला हात लावत नाही. शब्द अडला की आता मी पाणी-पंखा-कूस करत नाही. नेहमी जमतं असं नाही, पण धडपडते. माझ्यासाठी ते यांच्या हँडलपेक्षा कठीण आहे, आणि तिथं कोणी स्क्रू सैल करायलाही येत नाही.

यंदाच्या पाडव्याला गुढी गच्चीत उभी केली, कठड्याच्या पाइपला बांधून. यांना लिफ्टनं, चाकाच्या खुर्चीतून वर नेलं होतं. गाठ कुठं मारायची ते यांनी बोटानं दाखवलं, तिथंच मी मारली. खाली आल्यावर यांनी मोबाइल मागितला आणि तोंडानं सांगितलं, “खिडकी… वाला.” मी नंबर लावून दिला. पलीकडून तो म्हणाला, बोला काका. त्यानं काका ओळखले होते, कारण पहिल्या काही क्षणांत इकडून नुसता श्वास जात होता.

मोबाइल स्पीकरवर होता. वाक्य काय आहे ते मला ठाऊक होतं, माझ्या जिभेवर तयार होतं. पलीकडे सुरगाण्यात कुठंतरी कोंबडा ओरडला, कुणीतरी भांडं आपटलं. तो थांबला होता. हेही थांबले होते. दोघांनाही घाई नव्हती.

“गुढी,” हे म्हणाले. मग खूप वेळानं, “गच्चीत.” आणि त्याहून वेळानं, माझ्याकडे बघत, “हिनं… बरोबर… बांधली.”

मी समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसले होते.